हंगामी

ऑक्टोबर लागला की पालिकेचा ट्रक येतो
पिटुनियाची रोपं घेऊन.
रास अल खैमाच्या चौकाचौकांत ती लावायची,
मे महिन्यात उपटायची.
बावीस वर्षं माझं हेच काम.
त्यांच्यावर माशी बसलेली
मी तरी पाहिली नाही.

गच्चीवरचं माझं वेगळं.
खतच्या डोंगराखाली, कोरड्या वादीतून
मूठभर शेंगा आणल्या होत्या.
उम्म हमदान तिला धफ्रा म्हणते.
'बकऱ्यासुद्धा तोंड लावत नाहीत,
तुला कशाला?'
पान ओढून तोडलं तिच्यासमोर:
बाणाच्या पिसासारखं तुटलं,
आमच्या दापोलीच्या सड्यावरची उन्हाळी तुटायची
तस्सं.

बिया काचकागदावर घासल्या, रात्रभर कोमट पाण्यात.
तेलाच्या डब्यांत वाळू आणि खडी.
पाणी एसीच्या नळीचं,
थेंब थेंब बादलीत धरलेलं.

पहिल्या वर्षी नुसती राखाडी पानं.
दुसऱ्या जुलैत काड्या.
'फेंक दो, भाई,' नातूर दाद मुराद म्हणाला.
एक डबा उचललाही.
जड लागला.
ठेवून दिला.

ऑगस्ट संपता संपता, पहाटे, दक्षिणेला
इथला सुहैल उगवला, आमचा अगस्ती.
इथे म्हणतात उकाडा मोडला,
तिकडे म्हणतात पाणी निवळलं.
उकाडा कसला मोडतोय.
पण काडीच्या बुडाशी कोंब होता
भाताच्या तुसाएवढा.

आज सात नोव्हेंबर.
जांभळी फुलं, मुगाच्या दाण्याहून जराशी मोठी,
आणि सव्वानऊला, तीन मजले चढून,
एक फुलोरी माशी.
तीच ती बारकी, कमरेला तांबूस,
घरी करवंदीच्या जाळीत पोळं लावणारी.
खालच्या पाकळीवर तिनं पाय दिला
आणि फूल तिच्या वजनानं उघडलं.

दाद मुरादला हाक मारली.
तो फवारणीचा पंप घेऊनच वर आला.
'झुरळं नाहीत रे. बस.'
बसला.
दोघांचाही चहा निवला.

जानेवारीत माझा विझा संपतो.
या खेपेला वाढेलसं दिसत नाही.
चारही डबे त्याच्या खोलीपुढे उतरवले,
बादली दिली, नळी दाखवली.
'जुलैत मरेल, मग?'

फेकायची घाई करू नको, म्हटलं.
आधी उचलून बघ.