उसवण

सेनेका स्ट्रीटवरच्या माझ्या दुकानात
दर ऑगस्टला खोकी यायची.
कोऱ्या जर्सी, आणि नावांची यादी.
टी ओ एल एल आय व्ही ई आर.
आठ अक्षरं. त्या पाठीवर अजून चार मावली असती.

"पक्कं शिवू नकोस," क्लबच्या सामानघरातला वॉल्ट म्हणाला,
"सप्टेंबरपर्यंत निम्मे घरी जातात."
पण मापाला आला तेव्हा अमोस टॉलिव्हर
दारातून तिरका होऊन आत शिरला होता,
त्याचा गुडघा माझ्या मशीनला लागला,
आणि त्यानं मशीनची माफी मागितली.
मी दुहेरी टीप मारली.

खेळ कळायला मला तीन हिवाळे लागले.
इचलकरंजीत मी शाळेचे गणवेश शिवलेले,
बफेलोचा हा चेंडू तर गोलसुद्धा नाही.
अमोसकडे तो कधीच नसे.
त्याचं काम एवढंच: तीन बोटं जमिनीत रोवून वाकायचं,
आणि चेंडू हलला की समोरच्या दोघांच्या अंगावर जायचं.
दोघं त्याच्यात गुंतले की मागचा कुणी मोकळा सुटे,
त्या मोकळ्याचं नाव भोंग्यावर.
म्हणजे अस्तराचं काम.
कोटाची तारीफ होते. अस्तर उलटून कोण बघतं?

मी बघायचे.
त्याची जर्सी नेहमी डाव्या बगलेत फाटून यायची,
मूठभर कापड आत ओढलेलं.
कुणीतरी त्याला धरत होतं, दर रविवारी, नियमाबाहेर.
पंचांना ते दिसत नसे.

चौथ्या वर्षी गुडघा.
सहाव्या वर्षी करंगळी बाहेरच्या बाजूला वळली
आणि तिथेच राहिली.
सातव्या वर्षी, डिसेंबरात, एकदाच,
चेंडू घरंगळत त्याच्या पोटाखाली आला.
उठून तो पळाला. एवढा मोठा माणूस, आणि पळाला!
अकरा यार्ड. सगळं स्टेडियम उभं.
चार यार्ड उरले असताना मागून कुणी घोटा धरला.
जर्सीवर पांढऱ्या रेघेचा रंग लागून आला होता.
तो मी घासला नाही. धुवायला दिलीच नाही, खरं तर,
वॉल्ट ओरडेपर्यंत.

नवव्या वर्षी, मंगळवारी, फोन:
"टॉलिव्हर काढ. जर्सी धड आहे,
नवा पोरगा त्याच मापाचा."
दुहेरी टीप, म्हणून उसवायला वेळ लागला.
अक्षरांखालचं कापड अजून गडद, ऊन न लागलेलं.
नव्या पोराचं नाव पाईक.
आमच्याकडे या शब्दाला अर्थ आहे, पण सांगणार कुणाला?
त्याची चारच अक्षरं. दोन्ही बाजूंनी
टॉलिव्हर डोकावत राहिला.
मी सुटलेली आठ अक्षरं बिस्किटांच्या डब्यात ठेवली,
बटणांबरोबर.

आता तो लॅकवानात शाळेची बस चालवतो.
मुलगी रूथी बँडमध्ये बासरी वाजवते,
तिच्या बँडच्या कोटाच्या बाह्या लांब होत्या.
"दीड इंच," तो म्हणाला,
आणि टाचणी उचलायचा प्रयत्न केला, तीनदा.
सोमवारी कोट घेऊन गेला.
पैसे मोजून दिले, वर दोन डॉलर.

गुरुवारी पुन्हा दारातून तिरका.
"झाला का कोट?"

बाहेर पिवळी बस, रिकामी, दिवे चालू.
मी त्याच्या कपाळाकडे पाहिलं.
रविवारी चेंडू किती वेळा हलला ते वॉल्ट लिहून ठेवायचा,
कपाळ किती वेळा आदळलं ते कुठल्याच वहीत नाही.

"बस जरा," मी म्हटलं, "एक टीप राहिलीय."
कपाटातून कुठलंतरी काळं कापड ओढलं
आणि मशीन चालवत राहिले,
सुईत दोरा न ओवता,
रूथीचा नंबर आठवत.

तो बसला.
बसण्याआधी खुर्ची थोडी मागे घेतली,
मशीनला गुडघा लागू नये म्हणून.