ओला आहे तोवर

प्रश्नावलीतला एकशे बारावा प्रश्न:
फोडण्याला तुमच्याकडे काय म्हणतात?
जोसाया बर्केटने मान वर केली नाही.
पाटीच्या दगडाचा ठोकळा मांडीला टेकवला,
छिन्नी लावली, कान दिल्यासारखं केलं
आणि एक ठोका. धड वाजलासुद्धा नाही.
ठोकळा उकलला.
आत हिरवट, दमट, पाण्याच्या माग राहिल्यासारखं काही.
"घे. हे आजवर कुणी पाहिलेलं नाही."

"फोडायला काय, कुणीही फोडतो.
घण घातला की फुटतं, फुटलं की तुकडे.
आम्ही राइव्ह करतो.
एकाचे दोन होतात, आणि दोन्ही अख्खे."

मी कार्डावर लिहिलं: राइव्ह, क्रियापद.
जुनं नॉर्स. होड्यांतून आलेल्या माणसांनी
या डोंगरांत आणलेलं. मूळ अर्थ, फाडणे.
खाली बरीच जागा उरली.

ती संध्याकाळी थिर्झाने भरली.
चुलीपुढे बसून ती त्याचा जुना कोट फाडत होती,
चिंध्यांच्या सतरंजीसाठी, लांब लांब पट्ट्या,
दर पट्टीला कापड ओरडत होतं.
"हेही राइव्हच. आणि जानेवारीत वाऱ्याने
कोठाराचं छप्पर नेलं, ते.
आणि हा भुकेला असला की पावाला भिडतो, बघ, ते."
तो तोंडातल्या घासासकट हसला.

राइव्ह करणारा तो राइव्हर.
अक्षरं तीच, जी नदीची.
आमच्या कचेरीतली टंकलेखिका दरवेळी फसायची:
बर्केट, जोसाया. वय चौसष्ट. नदी.
प्राध्यापक म्हणायचे, फार मागे गेलं तर
दोघांचं मूळ एक निघेलही,
काठ कापला जातो म्हणून. मग चष्मा पुसत म्हणायचे,
खात्री नाही हं.

"पण ओला आहे तोवरच," जोसाया सांगत होता,
"डोंगरातून काढला की लगेच.
उन्हावाऱ्यात पडून राहिला की हट्टाला पेटतो.
मग तो फुटतो. उकलत नाही."

थिर्झाचे हात थांबले.
"लँटीशी तेव्हाच बोलायला हवं होतं," ती म्हणाली.
कोटाशी म्हणाली.
लँटी बॅरोच्या गोदीत. वीस मैल. अकरा वर्षं.
जोसाया उठला, आभाळ बघून येतो म्हणाला,
आणि बराच वेळ आभाळ बघत राहिला.
बाहेर धुकं होतं, आभाळ नव्हतंच.

टेप फिरत होती. मी ती बंद केली,
का, ते आजही नीट सांगता येत नाही.
एकशे तेरावा प्रश्न मेंढीच्या आजारांबद्दल होता.
तो मी विचारला.

ते दोघेही आता नाहीत. खाणही बंद.
त्याने दिलेला दगड माझ्या टेबलावर आहे,
कागद उडू नयेत म्हणून. कोरडा ठणठणीत.
गेल्या हिवाळ्यात एकदा, दार लावून,
मीही छिन्नी लावली, कान दिला, एक ठोका घातला.

कोपरा उडाला. तुकडे तीन.
चौथा कपाटाखाली सापडला, मार्चमध्ये.