इनबॉक्स भरला आहे

इलोइलोच्या धक्क्यापाशी माझी टपरी.
वर फाटकी छत्री, खाली काच,
काचेखाली मेलेले फोन, पाठी उघड्या टाकून.
गिमारासची पंपबोट सुटली की टेबल थरथरतं
आणि बारके स्क्रू झाकणातल्या झाकणात
कूस बदलतात.

मनांग साल्वासिओन आली
(मनांग म्हणायचं इथे थोरल्या बाईला)
आणि दोन फोन ठेवले पुढ्यात.
एक, ज्याच्यावरचा पाचाचा आकडा पार झिजलेला.
दुसरा मुलाने दम्मामहून पाठवलेला,
अंगावरचा पातळ कागदसुद्धा न काढलेला.
"यातलं त्यात घाल, टोटो,"
एका डब्यातले तांदूळ दुसऱ्यात ओतावेत
इतक्या सहज म्हणाली.

जुन्यात जागा दहा मेसेजची.
दहाही तेओदुलोचे.
तो जाऊन सहा वर्षं झाली.

आमच्या धंद्यात वाचायचं नसतं.
पण पडदा दोन बोटांएवढा,
नजर मागे फिरेपर्यंत वाचून झालेलं असतं.

भत लव. ९ ल पोचतो.
मशीन बघडल. तू जव.
करब नको अणू. अहे.

काना, मात्रा, वेलांटी, सगळं गाळलेलं.
अक्षर वाचलं तर पेसो वाचतो,
पेसो वाचला तर डिझेल.
एक मेसेज तर नुसता "ठ".
ठीकमधला. पुढचं तिने समजून घ्यायचं.

प्रेमाचा शब्द एकातही नाही.
मी दोनदा पाहिलं.

माझ्या फोनात घरच्यांचा ग्रुप आहे, दोनशे चौदा माणसं.
रोज पहाटे गुलाब येतात, कोंबडे येतात,
चुलतभावाच्या गुडघ्याचा एक्स-रेसुद्धा आला होता.
काही पुसावं लागत नाही, म्हणून काही
ठेवलेलंही नाही.
आणि बाकोलोदला माहेरी गेलेली बायको:
काल रात्री अकरा मिनिटं
"लिहीत आहे, लिहीत आहे" असं दिसत राहिलं,
मग तेही गेलं.
माझ्या वाक्याखाली दोन निळ्या खुणा.
म्हणजे वाचलंय.
म्हणजे वाचूनही.

तेओदुलोला कसल्या खुणा!
पाठवला की गेला, वाऱ्यावर.
पोचला का, हे त्याला नऊला कळायचं,
झाकण काढल्यावर.
भात गरम, म्हणजे पोचला.

मी एकेक करून दहाही पाठवले नव्या फोनवर.
दहा पेसोंचा लोड. दहा वेळा तो किणकिणला.
तिने चष्मा लावला.
सगळ्यांवर आजची तारीख
आणि दहाही वेळा पाठवणाऱ्याचं नाव:
साल्वासिओन.

"हे तर मीच मला लिहिलंय," ती म्हणाली.
"भात लाव म्हणून."

फोटो काढून देतो म्हटलं. नको म्हणाली.
वहीत उतरवतो म्हटलं. त्यावर ती हसली.

तेवढ्यात दिसलं,
जुन्याच्या कोपऱ्यात एक पाकीट लुकलुकतंय.
"मनांग, बाहेर कुणीतरी थांबलंय.
आत जागा नाही. एक पुसलात तर येईल."
"कोण असेल?"
"कंपनी. दुसरं कोण! सवलत, नाहीतर सोडत."

ती दहाही मेसेज खाली नेत गेली, पुन्हा वर.
अंगठा "ठ"वर येऊन थांबला.
मला वाटलं, आता हा जाणार.
एका अक्षराची काय ती किंमत,
आणि कुणास ठाऊक, बाहेरचा कंपनीचा नसेलही.

"राहू दे उभा," ती म्हणाली.

मी पैसे नको म्हणत होतो.
"मेसेज गेले ना तुझ्या हातून?
मग घे," म्हणत तिने नाणी मोजली,
एकेक, काचेवर, त्या मेलेल्या फोनांच्या डोक्यावर.

चारची बोट लागली होती.
पिशवीत, कलमान्सीच्या खाली,
नवा फोन वाजत होता. मुलगाच असणार.
ती फळीवरून चढली,
एका हातात दोर,
दुसऱ्या हातात जुना.