पासष्टावा लाडू

कारंजाच्या दुकानात चेतनानं डबा पाहिला होता.
काळा, घागरीएवढा,
वर दंड फुगवलेला कुणी गोरा माणूस.
सत्तावीसशे रुपये.
तिनं तो उचलला,
परक्याचं लेकरू क्षणभर कडेवर घ्यावं तसा,
आणि ठेवून दिला.

मला बोलली नाही. मी वहिनी तिची.
नवऱ्याकडून कळलं:
सर म्हणतात, भरतीला आठशे मीटर दोन पन्नासच्या आत यायचं,
भाकर-वरणावर ते व्हायचं नाही.

मी फळीवरचे डबे उघडले.
जवस होता. त्याला कोण विचारतं,
चटणीपुरताच त्याचा मान.
तीळ संक्रांतीचे उरलेले,
शेंगदाणे घरचे, फुटाणे, मूठभर मनुका.
खारका तेवढ्या विकत आणल्या अर्धा किलो.
बिया काढता काढता दोन नखं तुटली,
पण गूळ घालावा लागला नाही, एवढ्या गोड.

राहिली गोडंबी.
गोडंबी मागायला पार्बताबाईकडे गेले
तर ती ओट्यावर बिबे फोडत बसलेली,
हाताला राख, पायाखाली गोणपाट.
बिब्याचं तेल उडतं. उडालं की कातडं सोडत नाही.
तिची बोटं कोपरापर्यंत काळ्या ठिपक्यांची,
कुठं जुनं, कुठं कालचं.
आतली गोडंबी मात्र
पांढरी, मऊ, जशी हिला ठाऊकच नाही
आपण कशातून बाहेर आलो.

"व्यापारी किलोनं नेते," म्हणाली,
"मी आजवर चाखली नाही पहा."
दोन ओंजळी माझ्या पदरात घातल्या.
पैसे काढले तर रागावली:
"पोरीले पळू दे व माय.
मले कुठं पळाचं हाय आता?"

रात्री सगळं वेगवेगळं भाजलं.
जवस तडतडून चुलीबाहेर उड्या मारायला लागला,
तीळ लाजत लाजत लाल झाले,
गोडंबी तुपात सोडली आणि
शेजारच्या घराची खिडकी उघडली.
खलबत्त्याच्या आवाजानं सासरे दोनदा उठले.
दोन्ही वेळा एकेक फुटाणा घेऊन झोपले.

आता वजन कसं करायचं?
सरांनी ग्रॅममध्ये लिहून दिलेलं.
सकाळी अंगणवाडीत गेले परात घेऊन,
बाळांच्या काट्यावर एक लाडू ठेवला.
काटा हलला नाही.
मदतनीस निर्मला हसली, म्हणाली, सगळे टाक.
परात वजा जाता दोन किलो सहाशे.
तिनं सवयीनं रजिस्टर ओढलं,
"अडीचच्या वर हाय. धोका नाही."

पासष्ट लाडू. चाळीस ग्रॅमचा एक.
रोज दोन, बत्तीस दिवस,
आणि वर एक.

बत्तीस दिवस मी पहाटे साडेचारला
फाट्याकडे जाणाऱ्या बुटांचा आवाज ऐकला.
एक बूट थोडा उघडा होता, तो वेगळा वाजायचा.

अमरावतीला निघताना तिनं तो वरचा रुमालात बांधला.

रात्री परत आली. बूट दाराशी काढले.
कुणी विचारलं नाही. पाणी दिलं.
मग तीच म्हणाली:
"वहिनी, मेळघाटातली एक पोरगी होती माझ्या गटात.
रात्रभर एसटीत उभी, सकाळपासून उपाशी.
तिला दिला मी लाडू."
मग?
"मग ती माझ्या पुढं गेली.
शेवटच्या वळणावर, दोन हात पुढं."
आणि एवढी हसली की
मला कळेना, हरलेली कोण.

यादी लागायला महिना आहे.
काल पुन्हा कढई ठेवली.
खारका महाग झाल्यात, तीळ संपलेत,
जवस तेवढा भरपूर.
या वेळी मोजले नाहीत.
पहिला गरम गरम वळला तो पदराखाली झाकून
पार्बताबाईकडे नेला.
हात काळे म्हणून तिनं तोंडच पुढं केलं.
दाढेखाली गोडंबी आली असावी,
कारण ती चावायची थांबली.