उगडास

डिचोलीच्या कोर्टात खोटं कुणी लिहीत नाही.
बेलिफ फोंडूनं लिहिलं, दार बंद होतं.
बंदच होतं. आत विशाखा झोपलेली,
वेर्ण्याच्या फॅक्टरीतली रात्रपाळी संपवून.
त्यानं कडी वाजवली नाही, एवढंच.

समुपदेशक बाईंनी लिहिलं,
मुलीला निजायला स्वतंत्र खाट नाही.
नव्हतीच.
ती आईच्या कुशीत निजते
हे लिहायला फॉर्मात रकाना नव्हता.
बाई त्या खोलीत गेल्याही नव्हत्या,
खाटेचं त्यांना वकील लोटलीकरांनी
कॅन्टीनमध्ये सांगितलं, भजी खाता खाता.

मी दुभाषा. एकवीस वर्षं
माणसांना कोकणीतून इंग्रजीत नेऊन सोडतो.
कुळांचे दावे, पायवाटेचा हक्क,
कुणाच्या माडाची झावळ कुणाच्या कौलांवर पडली ते.
मुलं फार येत नाहीत.

मृणाली आली. वय सात.
एक वेणी सुटलेली, बापाकडे कुणाला घालता येत नसावी.
साहेबांनी प्रेमानं विचारलं, गोळी दिली.
गोळी मुठीतच ठेवून ती टेबलाच्या कडेला म्हणाली,
'आईचो उगडास येता.'

उगडास.
मराठीत आठवणच म्हणतील.
पण मागच्या चवथीला माटोळीच्या सुपाऱ्या कितीला घेतल्या
तेही आठवतं माणसाला.
उगडास येतो तेव्हा
घास घेतलेला हात ताटातच राहतो.

मी इंग्रजीत सांगितलं:
मुलीला आई आठवते.

शब्दकोश काढा. चूक सापडायची नाही.

साहेबांची आई नार्व्याची,
घरात त्यांच्या कोकणीच.
पेन थांबलं त्यांचं. माझ्याकडे बघितलं,
मग घड्याळाकडे.
मग स्टेनोला म्हणाले, घ्या.

मी काही मागितलं नव्हतं. हेही खरंच.
आदल्या आठवड्यात लोटलीकर जिन्यावर भेटले होते,
'तुमचं कुंपण अजून काट्यांचंच?'
इतकंच बोलले.
निकालानंतरच्या सोमवारी घरासमोर टेम्पो,
चारशे चिरे. बिल नाही, चिठ्ठी नाही.
मुलीच्या आजोबांची खाण आहे चिऱ्यांची.
ड्रायव्हरला मी म्हटलं, फणसाखाली उतरव.
बायकोनं त्याला सोलकढी दिली.

आता पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी
अकरा ते बारा, रेकॉर्ड रूमच्या शेजारच्या खोलीत
विशाखा डबा उघडून बसते.
मुलगी खात नाही.
खाण्यात वेळ जातो.
आई तिची वेणी सोडते, घालते,
पुन्हा सोडते.
बाराला पाच कमी असताना फोंडू बाहेर खोकतो.

एकदा मी फायली घेऊन जात होतो,
ती पाण्याच्या नळाशी उभी.
ओळखलं तिनं मला. जवळ आली,
जशी मुलं आपल्या बाजूच्या माणसाजवळ येतात तशी,
आणि हळू विचारलं,
'अंकल, तुमी सांगलें न्हय तांकां?'

'सांगलें,' मी म्हटलं.

तिनं मान हलवली. समजूत पटली तिची.
म्हणजे मोठ्यांना कळलं आहे सगळं,
आणि कळूनही असंच आहे,
हे तिनं नळ बंद करता करता
मनाशी लावून घेतलं असावं.
नळ घट्ट बंद केला तिनं. आमच्यातलं कुणी करत नाही.

कुंपण छातीपर्यंत आलंय.
चिऱ्यांच्या भोकांत मुंग्यांनी घरं केलीत.
फाटकाच्या बाजूला चाळीसेक चिरे कमी पडले,
तिथून शेजारची कुत्री येतात जातात.
मी कुणाला बोललो नव्हतो.
पण परवा लोटलीकर पायरीवर थांबले,
हातात नवी फाईल, वर मुलाचा फोटो टाचलेला.
माझ्या खांद्यावर हात ठेवला,
म्हणाले, 'कितले उणे पडले?'