काळी चार

वाघोटणच्या खाडीतली तीनची तर अलीकडे लागली
आणि उतरली फक्त त्याची मुलगी,
चपला हातात, पोटऱ्यांपर्यंत चिखल.
म्हणाली, बाबांचा आवाज बसलाय असं नाही,
गेलाय.
डॉक्टरांनी तीन महिने ओठ उघडायची मनाई केलीय.

रात्री दहाला नाटक.
रवळनाथासमोर मांडव उभा, जनरेटर सड्यावरून आलेला,
पडद्यावरचा राजवाडा दोरीला अर्धा गुंडाळलेला,
आणि त्याच्याखाली आम्ही सगळे
मयताला जमावं तसे.

खजिनदार म्हणाले, मांडवाचे पैसे दिलेत.
शांतीमावशी म्हणाली, "मोरेश्वर तारी नाय तर नाटक कसला?"
पाठीमागून कुणीतरी, "आणि देवाक काय सांगतलास?"
मग देवालाच विचारलं.
गुरवाने कौल लावला.
कळी ना डावी पडली ना उजवी,
ओल्या दगडाला चिकटून राहिली
अर्धा तास.
देवाचं काय,
त्याने हे नाटक बावीस वर्षं ऐकलंय.

मीही ऐकलंय, पण पायांनी.
ही बापाची पायपेटी, भात्याला ठिगळ, दोन सूर मुके.
तिच्यावर बसून मी बावीस वर्षं
एका माणसाच्या श्वासाची वाट पाहिली.
तो काळी चारमध्ये गायचा.
पलीकडच्या उतारूंना हाक मारताना
जी पट्टी लागायची, तीच.
तान घेण्याआधी त्याचा उजवा खांदा जरासा वर जायचा,
माझा पाय तेवढाच थांबायचा.
याला लोक साथ म्हणतात.
मी कधी काही म्हटलं नाही.

स्वप्नेश कोयंडे होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.
सहा वर्षं विंगेत टॉर्च धरून उभा,
तात्यांचा चहा, तात्यांची शाल.
त्याला विचारलं, पदं येतात?
म्हणाला, "येतात. पण माझी नाहीत."
त्यावरून पुन्हा तासभर भांडण.
कुणी म्हणे, मुकुट काय, कुणाच्याही डोक्यावर बसतो.
कुणी म्हणे, नाही बसत.

शेवटी मुलगीच परत गेली विचारायला.
दिवेलागणीला आली, हातात तिच्या पोराची पाटी,
कोपऱ्यात अजून बेचा पाढा,
मधे त्याचं अक्षर:
पट्टी बदला.

एवढंच. करा नाही, करू नका नाही.
पोराच्या गळ्याला काळी चार झेपणार नाही,
हे त्याला पलीकडे बसून ठाऊक.
मी काळी एकला नांदी वाजवून पाहिली.
आपल्याच घरात
अंधारात कुणीतरी कपाटं हलवून ठेवावीत, तशी.

नाटक झालं.
राजाच्या रंगाखालून डिझेलचा वास येत होता.
तो भलत्याच जागी श्वास घ्यायचा,
माझा पाय जुन्याच जागी थांबायचा,
अख्खा पहिला अंक आम्ही एकमेकांवर आदळत होतो.
तिसऱ्यात वनवासाचं पद आलं.
तात्या ते तोऱ्यात म्हणायचे, राजासारखं.
हा म्हणाला घाबरलेल्या माणसासारखं.
वनवासाला तेच शोभलं.
वन्स मोअर आला,
चाकरमानी खुर्च्या मागे ढकलून उभे राहिले.
चांगलं झालं.
ते चांगलं झालेलं
कुठे ठेवावं मला कळेना.

सकाळी पहिल्या तरीने पलीकडे गेले.
तो धक्क्यावर वल्ह्याला काथ्या गुंडाळत होता.
रात्री वारा तिकडचाच होता,
कर्ण्यातून शब्द न् शब्द पोचला असणार.
विचारलं, ऐकलंत?
त्याने पाटी पुढे ओढली.
वनवासात घाई झाली.
म्हटलं, पोर आहे, पहिलीच वेळ त्याची.
त्याने मान हलवली, नाही,
आणि पेन्सिलीचं टोक
माझ्याकडे केलं.