भोकाचे वीस रुपये

सदलग्यात, दूधगंगेकडं उतरणाऱ्या रस्त्यावर
बाबगोंडाचं सायकल दुकान आहे.
आहे, हे विधान मी जबाबदारीनं करतो;
निवृत्त झाल्यापासून तिथंच बसतो.

वाद ट्यूबवरून लागला.
कांबळ्यांची आम्रपाली सायकल ढकलत आली.
बाबगोंडानं ट्यूब फुगवली, घमेल्यातल्या पाण्यात दाबली,
वीत वीत सरकवत गेला
आणि एका जागी पाणी बोलायला लागलं.
"हे बगा भोक."
हिरेमठ सर स्टुलावरून वाकले.
"रबर दिसतंय. पाणी दिसतंय. बुडबुडे दिसतायत.
भोक कुठाय?"

मी मोजणी खात्यातला.
रेषेला लांबी असते, रुंदी नसते, हे शाळेत पाठ केलेलं;
आणि त्याच बिनरुंदीच्या रेषेवर
दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिलेले, तेही पाहिलेलं.
म्हटलं, "सर, नसलेलं मोजता येतं.
मी तीस वर्षं त्याचाच पगार घेतला."

दस्तगीर चहाचे ग्लास ठेवता ठेवता म्हणाला,
"आन् भोकालाच भोक पडलं तर?"
"मोठं भोक," आम्रपाली म्हणाली,
घड्याळाकडं बघत.

सरांना तेवढ्यानं थांबायचं नव्हतं.
"तुमच्या मराठीत हा घोळ होणारच.
आमच्या कन्नडात नकार दोन. अल्ल आणि इल्ल.
हे मडकं अल्ल: म्हणजे दुसरं काहीतरी आहे.
मडकं इल्ल: म्हणजे जागा मोकळी."
बाबगोंडा, ज्याचं घर कन्नड, वही मराठी
आणि बस्तीतला णमोकार प्राकृत,
मान वर न करता म्हणाला,
"आमच्यातबी हायत की. न्हवं आन् न्हाई.
शिकलेली पोरं दोन्ही एका नाहीत गुंडाळत्यात,
त्याला भाषा काय करंल?"

सर गप्प झाले.
आठ वर्षांत एवढंच एकदा.

मग पॉलिश पेपरनं रबर घासत बाबगोंडाच पुढं बोलला:
भोक एका अंगानं हाय, एका अंगानं न्हाई,
दोन्ही एकदम विचारलासा तर सांगता येत न्हाई.
अशी सात उत्तरं. पण सोल्युशन वाळेस्तोवर
चारच होत्यात.
त्यानं ठिगळ दाबलं, वर हातोडी ठोकली.
"वीस रुपये."
"भोक न्हाईच," आम्रपाली म्हणाली, "तर वीस कशाचे?"

चहा हरणाऱ्यानं द्यायचा असा आमचा नियम.
त्या दिवशी सरांनी चहाचेही दिले, पंक्चरचेही,
आणि सुट्टे परत घ्यायला विसरले.

सर आता धारवाडला, मुलाकडं.
डोळ्याच्या ऑपरेशनला गेले ते राहिलेच.
फोन येतो; फोनवर ते फक्त तब्येतीचं बोलतात,
त्यात मुद्दा सापडत नाही.
दस्तगीर अजून एक ग्लास जास्त आणतो
आणि परत नेतो, साय धरलेला.
परवा कुणी गिऱ्हाईक विचारत होतं, सर एल्लि?
बाबगोंडा म्हणाला, इल्लि इल्ल.
इथं न्हाईत.
मग थोड्या वेळानं, पान्याशीच बोलावं तसं,
अल्लि अल्ल.
तिथं न्हवं.
व्याकरणात बसतं की नाही, ठाऊक नाही.
नदीपलीकडं दुसरं राज्य दिसतं, तिकडं बघत
मी ते वाक्य बराच वेळ धरून बसलो.

सवय जात नाही म्हणून काल टेप लावला.
स्टूल दीड फूट.
त्याच्यावरचं न्हाई
भिंतीवरच्या खोबरेल तेलाच्या डागापर्यंत जातं,
जिथं सर डोकं टेकायचे.
अडीच फूट, एक बोट.

तेवढ्यात आम्रपाली आली. चाकं दोन्ही टणक.
सायकल झाडाला टेकवून ती सरळ स्टुलावर बसली,
डाग तिच्या डोक्याच्या वीतभर वर राहिला.
म्हणाली, "अर्धं भोक असतं का हो?"

दस्तगीर थांबला.
बाबगोंडानं हात पुसले
आणि घमेल्यात पाणी ओतलं.